गंधकाच्या चिखलातील हिमोग्लोबिन : सहजीवी शिंपल्यांच्या ग्लोबिन जनुकांचा आढावा

द्विपुट मृदुकाय प्राण्यांमध्ये, म्हणजे दोन शिंपांच्या आड राहणाऱ्या तिसऱ्या, कालवे, शिणाणे यांसारख्या प्राण्यांमध्ये, हिमोग्लोबिन हा अपवाद आहे. कोकणात रोजच्या जेवणात असणाऱ्या तिसऱ्यांचे रक्त जवळजवळ रंगहीन असते; प्राणवायू त्यात केवळ विरघळून वाहतो आणि एका जागी राहून पाणी गाळून खाणाऱ्या प्राण्याची गरज बहुधा तेवढ्यावर भागते. या सर्वसाधारण चित्राला छेद देणारी काही मोजकी कुळे आहेत. आंध्र प्रदेशातील काकीनाडा उपसागरासारख्या ठिकाणी सापडणारे रक्तशिंपले त्यांपैकी एक असून त्यांच्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन असल्यामुळे त्यांचे मांस तांबडे दिसते. दुसरा अपवाद अधिक विलक्षण आहे. ज्या शिंपल्यांच्या कल्ल्यांमध्ये गंधकावर जगणारे जीवाणू वस्तीला असतात, त्यांच्यापैकी अनेकांत हिमोग्लोबिन आढळते, आणि काहींत तर ते रक्तात नव्हे, तर थेट कल्ल्यांच्या पेशींत साठलेले असते.

हा योगायोग आहे की गरज, ही जनुके आली कोठून, आणि ती नेमके कोणते काम करतात, या तीन प्रश्नांभोवती गेल्या सहा दशकांतील संशोधन फिरत आले आहे. त्या संशोधनाचा साकल्याने विचार केला असता असे दिसते की, सहजीवनाने हिमोग्लोबिनचे जनुक नव्याने घडवले नाही. प्राण्यांकडे आधीपासून असलेल्या ग्लोबिन जनुकांना त्याने नवे काम दिले, ते वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे दिले, आणि त्या कामासाठी लागणारा फरक प्रथिनातील मोजक्या जागा बदलूनच साधला.

दोन वायूंची अडचण

गंधकजीवी जीवाणू हायड्रोजन सल्फाइड या वायूचे प्राणवायूच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर कार्बन डाय-ऑक्साइडपासून सेंद्रिय पदार्थ बनवतात. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर जे करतात, ते हे जीवाणू रासायनिक ऊर्जेच्या बळावर करतात, म्हणून या प्रक्रियेला रसायनसंश्लेषण म्हणतात. शिंपल्याला त्यांच्याकडून अन्न मिळते, आणि त्या बदल्यात दोन्ही वायू एकाच वेळी, एकाच पेशीत, जीवाणूपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते.

अडचण येथेच सुरू होते. हे दोन वायू निसर्गात सहसा एकत्र नांदत नाहीत, कारण ते पाण्यात आपसांतच अभिक्रिया करून संपतात. सल्फाइड चिखलात खोल असते आणि प्राणवायू वरच्या पाण्यात. त्यातच हायड्रोजन सल्फाइड हे प्राण्यांसाठी जहाल विष आहे. पेशींच्या श्वसनातील अखेरचे विकर असलेल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेझला ते अत्यल्प प्रमाणातही निकामी करते, आणि सामान्य हिमोग्लोबिनमधील हीम या लोहयुक्त वलयाशी संयोग पावून ते सल्फहिमोग्लोबिन नावाचे हिरवट, प्राणवायू वाहण्यास जवळजवळ निरुपयोगी असे रूप तयार करते. थोडक्यात, जीवाणूचे अन्न हे यजमानाचे विष आहे, आणि प्राणवायूची गरज यजमान व जीवाणू दोघांनाही असल्यामुळे त्यासाठी दोघांत चढाओढ आहे. अशा पेशीत प्राणवायू बांधणारे प्रथिन उपयोगी पडेल हे उघड आहे; पण ते प्रथिन सल्फाइडच्या सान्निध्यात टिकले पाहिजे, ही अट सामान्य हिमोग्लोबिनला पेलणारी नाही.

शोधाचा क्रम

या विषयाचा इतिहास उलट्या क्रमाने घडला, म्हणजे हिमोग्लोबिन आधी सापडले आणि त्याचे कारण नंतर. कॅरिबियन समुद्राच्या किनाऱ्यांवरील खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या ल्युसिना पेक्टिनाटा या शिंपल्याच्या हिमोग्लोबिनचे वर्णन के. आर. एच. रीड यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले होते. आजच्या वर्गीकरणात या जातीचे नाव फॅकॉइडीस पेक्टिनॅटस असे असले, तरी प्रथिनांवरील लिखाणात जुने नावच रूढ आहे. त्या वेळी कल्ल्यांतील जीवाणूंची कल्पना कोणालाच नव्हती, त्यामुळे हे हिमोग्लोबिन चिखलातील प्राणवायूच्या टंचाईवरचा उपाय म्हणून समजले गेले.

चित्र पालटले ते १९७७ मध्ये. त्या वर्षी अल्विन या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळावरील उष्ण झरे आणि त्यांच्याभोवतीचे दाट जीवन आढळले. तेथील कॅलिप्टोजेना मॅग्निफिका हा तळहाताहून मोठा शिंपला आतून रक्तासारखा लाल होता. १९८१ मध्ये कॉलीन कॅव्हानॉ यांनी झऱ्यांजवळील महाकाय नळीकृमींत जीवाणू असल्याचे दाखवले, त्याच वर्षी होर्स्ट फेलबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फाइडयुक्त जागी राहणाऱ्या निरनिराळ्या प्राण्यांच्या ऊतींत रसायनसंश्लेषणाची विकरे सापडल्याचे जाहीर केले, आणि १९८३ मध्ये कॅव्हानॉ यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सोलेमिया व्हेलम या लहानशा शिंपल्याच्या कल्ल्यांतही असेच जीवाणू असल्याचे दाखवले. सहजीवन ही केवळ खोल समुद्रातील नवलाई नसून उथळ चिखलातीलही नित्याची व्यवस्था आहे, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. आज सोलेमियिडी, ल्युसिनिडी, थायासिरिडी, व्हेसिकोमायिडी आणि खोल समुद्रातील शिणाण्यांचे बाथीमोडिओलिनी हे उपकुळ अशा पाच गटांत हे सहजीवन ठळकपणे ज्ञात आहे. यांपैकी ल्युसिनिडी आणि थायासिरिडी ही कुळे पूर्वी जवळची मानली जात. जनुकीय पुराव्याने ती एकमेकांपासून दूर असल्याचे दाखवल्यावर त्यांच्यातील सहजीवनही स्वतंत्रपणे उगम पावले, असे मानणे भाग पडले.

एका कल्ल्यातील तीन प्रथिने

या सर्व गटांत सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले ते ल्युसिना पेक्टिनाटाचे हिमोग्लोबिन. हा शिंपला प्वेर्तो रिकोच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील खारफुटीत, कुजणाऱ्या पानांच्या काळ्या आणि सल्फाइडचा वास येणाऱ्या चिखलात राहतो. त्याचे कल्ले इतर शिंपल्यांच्या नाजूक, पारदर्शक पडद्यांसारखे नसून जाड, मांसल आणि गडद तपकिरी-लाल असतात. कल्ल्याच्या प्रत्येक तंतूत जीवाणुधारक पेशींची दाटी असते, प्रत्येक पेशीत पोकळ्यांमध्ये जीवाणू असतात, आणि त्यांना वेढणाऱ्या पेशीद्रवात हिमोग्लोबिन भरपूर प्रमाणात विरघळलेले असते.

डेव्हिड क्राउस आणि जोनाथन विटेनबर्ग यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, हे एक हिमोग्लोबिन नसून तीन आहेत. त्यांना पहिले, दुसरे आणि तिसरे अशी साधी नावे मिळाली. पहिले एकेकट्या साखळीच्या रूपात राहते, तर दुसरे आणि तिसरे एकमेकांशी व स्वतःशी जोडले जाऊन मोठे समूह बनवतात. पहिले हिमोग्लोबिन प्राणवायूच्या उपस्थितीत सल्फाइडशी संयोग पावते आणि त्याच्या हीममधील लोह ऑक्सिडीकृत, म्हणजे फेरिक, अवस्थेत जाऊन सल्फाइडला घट्ट धरते. दुसरे आणि तिसरे मात्र सल्फाइड समोर असतानाही प्राणवायूलाच धरून राहतात. एका पेशीत दोन परस्परविरोधी वायू पोहोचवण्याच्या अडचणीवर हे उत्तर विलक्षण नेटके आहे : एक प्रथिन सल्फाइडसाठी, दोन प्राणवायूसाठी.

यातील सर्वांत बोधप्रद भाग आकड्यांत आहे. तिन्ही हिमोग्लोबिनांची प्राणवायूविषयीची ओढ, म्हणजे कोणत्या दाबाला त्यांतील निम्मे रेणू प्राणवायूने भरतात याचे माप, जवळजवळ सारखीच आहे आणि ती फार तीव्र आहे. परंतु ही सारखी ओढ अगदी निराळ्या मार्गांनी साधलेली आहे. पहिले हिमोग्लोबिन प्राणवायूला झपाट्याने पकडते आणि तितक्याच झपाट्याने सोडते. त्याचा सुटण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० इतका आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा हाच वेग सेकंदाला सुमारे ०.१, म्हणजे कित्येक शेकडो पटींनी मंद आहे, आणि पकडण्याचा वेगही त्याच प्रमाणात मंद आहे. दोन हौद सारख्याच पातळीपर्यंत भरलेले असले, तरी एकात मोठ्या तोटीने पाणी येत-जात असावे आणि दुसऱ्यात थेंबाथेंबाने, तसा हा प्रकार आहे. नुसती पातळी मोजणाऱ्याला तो फरक कधीच कळणार नाही. केवळ ओढ मोजून हिमोग्लोबिनचे कार्य ठरवण्याची जुनी पद्धत अपुरी आहे, हा या प्रकरणाचा पहिला व्यापक धडा होय.

हीमचा कप्पा

एवढा फरक कोठून येतो, याचे उत्तर प्रथिनाच्या रचनेत सापडले. सर्व ग्लोबिन प्रथिनांची घडी ठरावीक असते : ए ते एच अशी नावे दिलेल्या सर्पिल खंडांची साखळी स्वतःभोवती दुमडून एक कप्पा तयार करते आणि हीम त्या कप्प्यात बसते. प्रत्येक अमिनो आम्लाला खंडाचे अक्षर आणि त्यातील क्रमांक असा पत्ता दिला जातो, त्यामुळे माणसाचे आणि शिंपल्याचे ग्लोबिन एकमेकांशी जागेला जागा लावून ताडता येते. हीमच्या एका बाजूला एफ-८ या जागेवरील हिस्टिडीन लोहाला धरून ठेवते, आणि दुसऱ्या, मोकळ्या बाजूला वायूचा रेणू येऊन बसतो. त्या मोकळ्या बाजूच्या कप्प्यात माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आणि बहुतेक पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायोग्लोबिनमध्ये ई-७ या जागी आणखी एक हिस्टिडीन असते.

ल्युसिना पेक्टिनाटाच्या पहिल्या हिमोग्लोबिनची स्फटिकरचना मेनिको रिझ्झी, मार्तीनो बोलोन्येसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १.५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने उलगडली. तेथे ई-७ जागी हिस्टिडीन नसून ग्लुटामाइन आहे, आणि बी-१०, सीडी-१ व ई-११ या तीन जागी फेनिलॲलानिन हे सुगंधी वलय असलेले अमिनो आम्ल आहे. सीडी-१ जागी फेनिलॲलानिन असणे जवळजवळ सर्व ग्लोबिनांचे सामाईक लक्षण आहे; परंतु त्याच्या जोडीला बी-१० आणि ई-११ या जागांवरही तेच आल्यामुळे वायूच्या भोवती सुगंधी वलयांचा एक पिंजरा तयार होतो. सल्फाइड या पिंजऱ्यात बसते, ग्लुटामाइन त्याला हायड्रोजन बंधाने स्थिर करते, आणि संयुग टिकून राहते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हिमोग्लोबिनांतही ई-७ जागी ग्लुटामाइनच आहे, परंतु बी-१० जागी टायरोसीन आहे. टायरोसीन म्हणजे जवळजवळ फेनिलॲलानिनच, फक्त वलयाला एक हायड्रॉक्सिल गट अधिक. हा एक गट प्राणवायूला दुसरा हायड्रोजन बंध देऊन जखडतो, त्याचा सुटण्याचा वेग मंदावतो, आणि सल्फाइडला कप्प्यात घुसण्यास वाव राहत नाही. टायरोसीन आणि ग्लुटामाइन यांची हीच जोडी आतड्यात राहणाऱ्या अॅस्कॅरिस या जंताच्या हिमोग्लोबिनमध्येही आढळते, आणि तेही प्राणवायूला विलक्षण घट्ट धरण्यासाठी प्रसिद्ध आहे. शिंपला आणि जंत यांच्यात कसलेही जवळचे नाते नसताना उत्क्रांती एकाच उपायावर पोहोचली, याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

या निष्कर्षांची परीक्षा कृत्रिम बदलांनी झाली. स्पर्म व्हेल देवमाशाच्या मायोग्लोबिनमधील बी-१०, ई-७ आणि ई-११ या तीन जागा बदलून तेथे शिंपल्याच्या पहिल्या हिमोग्लोबिनमधील अमिनो आम्ले बसवण्याचा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या तीन बदलांनी मायोग्लोबिनची सल्फाइड धरण्याची क्षमता शेकडो पटींनी वाढली. उलट दिशेचे प्रयोग प्वेर्तो रिको विद्यापीठाच्या मायाग्वेस येथील हुआन लोपेस-गारीगा यांच्या गटाने केले : शिंपल्याच्या पहिल्या हिमोग्लोबिनमधील ई-७ जागेवरील ग्लुटामाइन काढून तेथे हिस्टिडीन बसवले असता, एरवी सल्फहीमच्या नासाडीपासून सुरक्षित असलेले हे प्रथिन तिला बळी पडू लागले. म्हणजे ई-७ जागेवरील एका बदलाने दोन कामे साधली होती : सल्फाइड धरणे आणि सल्फाइडपासून बचाव. माणसाच्या शरीरातही हायड्रोजन सल्फाइड अल्प प्रमाणात तयार होते आणि संदेशवाहक म्हणून काम करते, हे मान्य झाल्यापासून हा शिंपला वैद्यकीय रसायनशास्त्रातही उदाहरणादाखल वापरला जाऊ लागला आहे.

जनुकांची घडण

प्रथिनांतील हे फरक जनुकांत कसे आले, याचे उत्तर जनुकांच्या द्विगुणनात आहे. पेशी विभागताना किंवा युग्मके तयार होताना डीएनएचा एखादा तुकडा चुकून दोनदा उतरतो. एक प्रत जुने काम करत राहते, आणि दुसरी प्रत बदलांना मोकळी होते. ल्युसिना पेक्टिनाटाच्या तीन हिमोग्लोबिनांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्याचे क्रम एकमेकांशी बरेच जुळतात, तर पहिल्याचा क्रम त्यांच्यापासून अधिक दूर आहे. यावरून सल्फाइडची आणि प्राणवायूची शाखा आधी फुटली आणि प्राणवायूच्या शाखेचे दोन भाग नंतर झाले, असा क्रम लावता येतो. लांबीही हेच सुचवते : पहिल्या प्रथिनात १४२ अमिनो आम्ले आहेत, दुसऱ्यात १५० आणि तिसऱ्यात १५२.

ग्लोबिन जनुकांची अंतर्गत रचनाही वंशावळ लावण्यास मदत करते. जनुकातील प्रथिनाची माहिती सलग नसते. एक्सॉन नावाच्या अर्थपूर्ण तुकड्यांच्या मध्ये इंट्रॉन नावाचे तुकडे असतात, आणि प्रथिन बनण्यापूर्वी ते छाटले जातात. प्राण्यांच्या बहुसंख्य ग्लोबिन जनुकांत दोन इंट्रॉन बी आणि जी या सर्पिल खंडांतील ठरावीक जागी असतात, आणि त्या जागा इतक्या प्राचीन आहेत की, माणूस आणि मृदुकाय प्राणी यांचे पूर्वज वेगळे होण्याआधीच्या मानल्या जातात. म्हणूनच शिंपल्यांची हिमोग्लोबिन जनुके जीवाणूंकडून उसनी आलेली नाहीत, ती प्राणिवंशातीलच आहेत, असे ठामपणे म्हणता येते. सहजीवनाच्या संदर्भात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण यजमानाने जीवाणूंची जनुके आत्मसात केल्याची उदाहरणे इतरत्र खरोखरच आहेत.

जनुके दुणावताना काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण सहजीवी नसलेल्या बार्बाशिया रीव्हियाना या शिंपल्यात मिळते. त्याच्या एका हिमोग्लोबिनमध्ये दोन ग्लोबिन एकाच लांब साखळीत जोडलेले आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, दोन जनुके शेजारी येऊन सांधली गेली तेव्हा त्यांच्या मधला, एरवी प्रथिनात न उतरणारा भाग नव्या इंट्रॉनचे काम करू लागला आणि दोन्ही ग्लोबिनांमधला पूल बनला. शिंपल्यांच्या ग्लोबिन जनुकांत उलथापालथीला वाव मोठा आहे. सहजीवनाने त्याच वावाचा उपयोग करून घेतला.

मुळात हे ग्लोबिन शरीरात कोणते काम करत होते, हाही प्रश्न उरतोच. सहजीवी नसलेल्या काही शिंपल्यांच्या मज्जातंतूंतही हिमोग्लोबिन सापडते. टेलिना अल्टर्नाटा या शिंपल्याचे मज्जातंतूंतील हिमोग्लोबिन प्राणवायू तुटल्यावरही काही काळ मज्जातंतूंना तो पुरवत राहते, असे क्राउस आणि कोलासिनो यांनी १९८६ मध्ये दाखवले. अशी उदाहरणे सुचवतात की, द्विपुट प्राण्यांच्या जनुकसंचात ग्लोबिन कधीच पूर्णपणे लोपले नव्हते. ते थोड्या पेशींत, थोड्या प्रमाणात टिकून होते, आणि जेथे गरज पडली तेथे त्याचे उत्पादन वाढवून ते नव्या ऊतीत नेणे शक्य होते.

इतर कुळांची निराळी उत्तरे

ल्युसिना पेक्टिनाटाच्या नेटक्या उत्तरामुळे सर्व सहजीवी शिंपल्यांनी तोच मार्ग धरला असावा असे वाटू शकते. प्रत्यक्षात तसे नाही. सोलेमिया व्हेलमच्या कल्ल्यांतही पेशीद्रवात हिमोग्लोबिन असते, आणि ते जीवाणूंना सल्फाइड पोहोचवत असावे अशी कल्पना जेनेट डोलर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. त्याचा भाऊबंद असलेला, आतडे पूर्णपणे गमावलेला सोलेमिया रीडी मात्र आपल्या मायटोकाँड्रियांत सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून त्यातून थेट ऊर्जाही मिळवतो, म्हणजे विषाची अडचण तो निराळ्याच वाटेने सोडवतो.

व्हेसिकोमायिडी कुळात, ज्यात गॅलापागोसजवळचा कॅलिप्टोजेना मोडतो, हिमोग्लोबिन कल्ल्यांत नसून रक्तपेशींत असते. १९८३ मध्ये टर्विलिगर दांपत्य आणि अॅलिसा आर्प यांनी कॅलिप्टोजेना मॅग्निफिकाचे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असल्याचे सांगितले. हा प्राणी आपला पाय झऱ्याजवळच्या भेगांत खुपसून सल्फाइड शोषतो आणि वरच्या पाण्यातून कल्ल्यांद्वारे प्राणवायू घेतो. सल्फाइड रक्तात वाहून नेण्याचे काम मात्र हिमोग्लोबिन करत नाही, तर रक्तद्रवातील जस्तयुक्त असा दुसराच मोठा घटक करतो. अशा रीतीने येथे दोन वायूंसाठी दोन वाहक आहेत, परंतु ते ल्युसिनासारखे एकाच जनुककुळातील नाहीत. त्याच झऱ्यांजवळच्या नळीकृमीचे महाकाय हिमोग्लोबिन तर तिसरीच तऱ्हा दाखवते : एकच प्रथिन प्राणवायू हीमवर आणि सल्फाइड हीमपासून दूरच्या जागी, असे दोन्ही एकाच वेळी बांधते.

व्हेसिकोमायिडी आणि ल्युसिनिडी यांच्यात जीवाणू मिळवण्याच्या पद्धतीतही मूलभूत फरक आहे. व्हेसिकोमायिडींत जीवाणू अंड्यांतून पुढच्या पिढीकडे जातात, त्यामुळे ते यजमानाशी कायमचे बांधले गेले असून त्यांचा जनुकसंच आटून अवघ्या १० ते १२ लाख अक्षरांवर आला आहे. ल्युसिनिडींत मात्र प्रत्येक पिढीतील पिल्लू भोवतालच्या चिखलातून जीवाणू नव्याने मिळवते. दक्षिण चीन समुद्रातील आर्किव्हेसिका मॅरिसिनिका या व्हेसिकोमायिड शिंपल्याचा सुमारे १.५२ अब्ज अक्षरांचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात जीवाणूंकडून आलेली २८ जनुके सापडली, आणि वायू वाहून नेण्याशी संबंधित जनुककुळांचा विस्तार झाल्याचेही दिसले. यजमानाच्या जनुकसंचावर सहजीवनाचा दाब पडतो, आणि वायुवहन हे त्या दाबाचे एक मुख्य ठिकाण आहे, असा याचा अर्थ.

तरीही हिमोग्लोबिन अपरिहार्य नाही. उष्ण झऱ्यांजवळ आणि शीत गळतींजवळ प्रचंड संख्येने वाढणारी बाथीमोडिओलस वंशातील शिणाणी मुख्यतः जीवाणूंवर पोसली जातात, परंतु ती हिमोग्लोबिनवाचून जगतात. मोठे कल्ले आणि पाण्याचा भरपूर प्रवाह यांवर त्यांचे भागते. शिवाय ल्युसिनिडी कुळातीलच अनेक जातींचे कल्ले फिके असतात. यावरून असे म्हणता येते की, सहजीवन हे हिमोग्लोबिन असण्याचे पुरेसे कारणही नाही, आणि रक्तशिंपल्यांचे उदाहरण पाहता आवश्यक कारणही नाही. प्राणवायूची टंचाई, सल्फाइडचे प्रमाण, पेशींची जाडी आणि राहण्याची जागा या सर्वांचा जेथे विशिष्ट मेळ बसतो, तेथे हिमोग्लोबिन ठेवणे फायद्याचे ठरते.

वनस्पतींतील समांतर कथा

या प्रश्नाला सर्वांत उपयोगी तुलना शिंपल्यांच्या जगाबाहेरची आहे. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी कापल्या तर आत गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा असतो. जपानी शास्त्रज्ञ कुबो यांनी १९३९ मध्ये ते हिमोग्लोबिन म्हणून ओळखले. गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, त्यासाठी लागणारे नायट्रोजिनेझ हे विकर मुक्त प्राणवायूने निकामी होते, आणि तरीही जीवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. लेगहिमोग्लोबिन मुक्त प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प ठेवून त्याचा प्रवाह मात्र चालू ठेवते. विटेनबर्ग यांनी शिंपल्यांकडे वळण्याआधी याच लेगहिमोग्लोबिनवर काम केले होते, आणि बांधलेल्या अवस्थेत वायूचे वहन सुलभ होते, ही त्यांची कल्पना दोन्ही ठिकाणी लागू पडली.

जनुकांच्या दृष्टीने ही तुलना अधिकच बोलकी आहे. शेंगावर्गीय वनस्पतींचे लेगहिमोग्लोबिन आणि पॅरास्पोनिया या शेंगावर्गीय नसलेल्या वृक्षाच्या गाठींतील हिमोग्लोबिन ही दोन्ही सहजीवनाची कामे करतात, पण वनस्पतींमध्ये आधीपासून असलेल्या दोन निराळ्या ग्लोबिन शाखांपासून ती स्वतंत्रपणे आली आहेत. शिंपल्यांच्या निरनिराळ्या कुळांत घडले ते याच नमुन्याचे. काही ल्युसिनिड शिंपल्यांतील जीवाणू नायट्रोजनही स्थिर करू शकतात, असे पुरावे २०१६ मध्ये भूमध्य समुद्रातील लोरिपेस वंशाच्या अभ्यासातून पुढे आल्यापासून तर ही समांतरता केवळ कल्पनेपुरती राहिलेली नाही.

वादाचा मुद्दा : वाहक की कोठार

पहिले हिमोग्लोबिन सल्फाइड धरते, हे निर्विवाद आहे. ते सल्फाइड जीवाणूला पोहोचवते का, यावर मात्र एकमत नाही. मोजमापांनुसार पहिल्या हिमोग्लोबिनमधून सल्फाइड आपोआप सुटण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.०००२ इतका, म्हणजे अत्यंत मंद आहे. या हिशेबाने धरलेल्या सल्फाइडपैकी निम्मे सुटण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. जीवाणूची रोजची गरज इतक्या संथ पुरवठ्यावर भागणे कठीण दिसते.

या अडचणीवर क्राउस आणि विटेनबर्ग यांच्या कल्पनेतच एक वाट होती : सल्फाइड धरलेले लोह फेरिक अवस्थेत असते, आणि जीवाणूजवळ एखाद्या क्षपणकारी रेणूने त्याला पुन्हा फेरस अवस्थेत आणले की, बंध सैल होऊन सल्फाइड चटकन सुटेल. दुसरी बाजू असे मानते की, पहिल्या हिमोग्लोबिनचे मुख्य काम वहन नसून साठवण आणि बचाव आहे. पेशीद्रवातील मुक्त सल्फाइडचे प्रमाण ते इतके खाली ठेवते की, यजमानाचे सायटोक्रोम ऑक्सिडेझ सुरक्षित राहते, आणि भरती-ओहोटीबरोबर चिखलातील सल्फाइड कमी-जास्त झाले, तरी पेशीतील प्रमाण एकदम उसळत नाही. या दोन भूमिका वाटतात तितक्या परस्परविरोधी नाहीत, कारण लेगहिमोग्लोबिनही मुक्त वायूचे प्रमाण खाली ठेवतानाच त्याचा प्रवाह चालू ठेवते. फरक इतकाच की, तेथे प्राणवायू सहज सुटतो आणि येथे सल्फाइडला सोडवण्यासाठी रासायनिक हात लागतो. म्हणून वादाचा निकाल आता सुट्या प्रथिनाच्या मोजमापांवर अवलंबून नाही, तर तो क्षपणकारी रेणू कोणता आणि तो जीवाणुधारक पेशीत नेमका कोठे असतो, हे शोधण्यावर अवलंबून आहे.

समारोप

सहजीवी शिंपल्यांच्या हिमोग्लोबिन जनुकांविषयीचे संशोधन एका कल्ल्यातील तपकिरी रंगापासून सुरू होऊन हीमच्या कप्प्यातील एकेका जागेपर्यंत पोहोचले. या प्रवासाने तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, ही जनुके प्राणिवंशातीलच जुन्या ग्लोबिनांची दुणावलेली आणि बदललेली रूपे आहेत. दुसरी, त्यांचे कार्य ठरवताना वायूविषयीच्या ओढीइतकेच वायू पकडण्या-सोडण्याच्या वेगांना महत्त्व आहे. तिसरी, एकच अडचण सोडवताना निरनिराळ्या कुळांनी जनुकांचे निरनिराळे साहित्य वापरले, आणि काहींना हिमोग्लोबिनची गरजच पडली नाही.

आतापर्यंतचे जवळजवळ सर्व निष्कर्ष एका जातीच्या तीन प्रथिनांवर उभे आहेत, ही या क्षेत्राची ताकदही आहे आणि मर्यादाही. संपूर्ण जनुकसंच वाचणे आता आवाक्यात आले आहे; त्यामुळे यापुढची खरी कसोटी एकाच कुळातील तांबड्या आणि फिक्या कल्ल्यांच्या जाती शेजारी ठेवून पाहण्यात आहे. फिक्या जातींत ग्लोबिन जनुके नाहीशी झाली आहेत, की ती जनुकसंचात असूनही कल्ल्यांत व्यक्त होत नाहीत, यावरून हिमोग्लोबिन ही सहजीवनाची पूर्वअट होती की त्याचा परिणाम, हे ठरवता येईल. जनुके शाबूत असून केवळ मूक असतील, तर उत्क्रांतीने कप्पा घडवण्याइतकेच महत्त्व जनुक कोठे आणि किती चालवायचे या नियंत्रणाला द्यावे लागेल, आणि प्रथिनावर एकवटलेले या विषयाचे लक्ष त्या नियंत्रणाकडे वळवणे क्रमप्राप्त होईल.